वाचकांचे प्रश्न : जवळच्या माणसाचे मन खचते तेव्हा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ गेला महिनाभर कोणाशी फारसा बोलत नाही, रात्र रात्र जागा असतो आणि ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो’ असे अधूनमधून म्हणतो. मी समजूत घालू लागले की तो उठून जातो. अशा माणसाला आधार कसा द्यावा, हे शिकता येते का?

उत्तर : निश्चित शिकता येते. जखमेवर प्रथमोपचार असतात, तसे मनाच्या त्रासावरही असावेत, या विचारातून परिचारिका बेटी किचनर आणि मानसिक आरोग्याचे संशोधक अँथनी जॉर्म यांनी २००० साली ऑस्ट्रेलियात सर्वसामान्यांसाठी प्रशिक्षण सुरू केले आणि पुढे ते अनेक देशांत पोहोचले.

तुमचा भाऊ उठून जातो, त्याचे कारण बहुधा त्या समजूत घालण्यातच असावे. ‘उगाच मनाला लावून घेऊ नकोस’ हे आपण मायेपोटी म्हणतो. ऐकणाऱ्याला मात्र आपले दुःख खोटे ठरवले जात आहे, असे वाटते. त्याऐवजी, ‘तू रात्रभर जागा असतोस, ताटावरून अर्धपोटी उठतोस, मला काळजी वाटते’ असे जे दिसते तेवढेच सांगा आणि थांबा. ती शांतता जड वाटेल, तरी ती बोलून भरून काढू नका. समोर बसवून विचारण्यापेक्षा सोबत चालताना पुष्कळांना बोलणे सोपे जाते.

‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो’ हे त्याचे वाक्य मात्र मला गंभीर वाटते. आपण इतरांवर ओझे आहोत ही भावना आत्महत्येच्या विचारांची खूण असू शकते, म्हणून ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे त्याला शांतपणे, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही भीती निराधार आहे; उलट अनेकांना कोणीतरी विचारले याचाच दिलासा वाटतो. तो ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका, घरातील औषधे, कीटकनाशके आणि धारदार वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत असे पाहा, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय गाठा, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका.

तो ‘नाही’ म्हणाला, तरी दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली उदासी डॉक्टरांना दाखवायलाच हवी. ‘डॉक्टरकडे जा’ म्हणण्यापेक्षा वेळ ठरवून ‘मी बरोबर येते’ म्हणा. डॉक्टरांनी नैराश्यावरील औषधे दिली, तर त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. ‘काहीच फरक नाही’ म्हणून त्याने ती आपल्या मनाने बंद करू नयेत, याकडे त्या काळात लक्ष ठेवा.