गरवायला निघालेल्या पाच जणांना

प्रश्न : आम्ही खानापूरचे पाच मित्र. मलप्रभेत आणि हिडकलच्या धरणात गळ टाकण्यात वीस वर्षं घालवली. या थंडीत वेंगुर्ल्याकडं जाऊन, होडीनं आत शिरून समुद्रातल्या खडपांवर, म्हणजे पाण्यातल्या खडकांवर, मासे धरायचा बेत आहे. एकानं महागडे रॉड मागवलेत. दुसरा म्हणतो, जायचंच तर आंग्रिया बँकेवर जाऊ, तिथं प्रवाळ आहे, मासाही मोठा असणार. तिसऱ्याला आंबोलीच्या घाटातच उलटी होते. कधी जावं, काय न्यावं? — एक वाचक, खानापूर

उत्तर : आंग्रियाचं आधी मिटवू. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरावर किलोमीटर आत आहे ते. नाव कान्होजी आंग्र्यांचं, पण तिथं बेट नाही की डोकं वर काढलेला खडक नाही. पाण्याखालचं पठार, आणि त्याचा माथासुद्धा वीसेक मीटर खोल. म्हणजे वारा उठला तर आडोशाला काही नाही. तुमच्या हिशेबात सांगतो : खानापुरातून निघून बेळगाव ओलांडून निपाणी गाठण्याएवढं अंतर, आणि तेही साध्या होडीनं, एका बाजूचे सात-आठ तास. मित्राला म्हणावं, तो बेत पुढच्या जन्मी.

तुमच्यासाठी वेंगुर्ला रॉक्स आणि निवतीपुढचे खडप पुष्कळ आहेत. मालवणला गेलात तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला मात्र गरी टाकू नका. तिथलं सागरी अभयारण्य 1987 सालचं आहे, आणि त्याचा गाभा किल्ल्याभोवतीच येतो.

आता तारीख. कॅलेंडरवर रविवारचा लाल आकडा बघू नका, तिथी बघा. मी हे शिकलो ते फजिती होऊन. माझं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर गेलं, समुद्राचा संबंध कॅम्पातल्या मासळी बाजारापुरता. पहिल्या खेपेला चौघं मित्र हौसेनं पौर्णिमेला गेलो, परतताना किनाऱ्यावर चांदणं मिळेल म्हणून. चांदणं मिळालं. पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ असते. वजन तळाला टेकेचना. दोरी पतंगाच्या मांज्यासारखी तिरकी होऊन लांब जायची. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, तंबाखू मळत गालात हसत होता. दिवसभरात दोन राणे मासे मिळाले, तेही त्यानंच काढलेले.

तेव्हा सप्तमीपासून दशमीपर्यंतचा दिवस धरा. त्याला भांग म्हणतात, पाण्याला ओढ कमी असते. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. थोडं मागंपुढं होतं, पण तेवढ्यावर गाडी किती वाजता सोडायची हे ठरतं. शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी असं जाणार असाल तर आदल्या दिवशीच उतरा. घाट रात्री उतरून थेट होडीत बसणं म्हणजे तुमच्या त्या तिसऱ्या मित्रावर अन्याय.

होडी पहाटे सुटते त्यालाही कारण आहे. थंडीत पहाटे जमिनीवरून समुद्राकडं मतलई वारा वाहतो, पाणी बऱ्यापैकी निवांत असतं. दुपारकडं समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि लाटांना टोकं फुटतात. आमचा तांडेल साडेअकराला एकदाच म्हणायचा, ‘‘वारो फिरलो. चला घराक.’’ आम्हाला नेमकी तेव्हाच चव लागलेली असायची. एकदा मी म्हटलं, अर्धा तास थांबू की. त्यानं उत्तरच दिलं नाही, नुसता नांगर ओढायला घेतला. घरी येताना निम्मी वाट अंगावर पाणी घेत आलो. तेव्हापासून मी त्याच्या तोंडाकडं बघतो, घड्याळाकडं नाही. 1 जून ते 31 जुलै इंजिनच्या होड्यांना मासेमारी बंद असते, हे माहीत असेलच.

रॉड मागवलेत तर न्या, पण खडपावर हातदोरीच शिका. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, जाडसर घ्या. वजन अगदी खाली आणि गळ त्याच्या वर हातभर. वजनासाठी दुकानातलं शिसं विकत घेऊ नका. मी उद्यमबागेतल्या भंगारातून मोठे नट किलोवर आणतो. नट मुख्य दोरीला थेट बांधायचा नाही, मध्ये कच्च्या दोऱ्याचा तुकडा घालायचा. खडपाच्या कपारीत नट अडकणारच. ओढलं की कच्चा दोरा तुटतो, नट जातो, गळ आणि मासा वर येतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन खेपांत निम्मी तंगूस खडपाला अर्पण केली.

आमिषाला माकूल (स्क्विड) सगळ्यात बरी, चिवट असते, बारके मासे लवकर सोलून नेत नाहीत. तारलीचे तुकडेही चालतात.

दोरी मुठीत धरू नका, तर्जनीवरून सोडा. बारकी मासळी टकटक करते, धरणातल्या चिलापीसारखी. खडपाच्या कपारीत राहणारा गोबरा टकटक करत नाही. दोरी एकदम जड होते, कुणी खाली पाण्यानं भरलेली बादली अडकवल्यासारखी, आणि लगेच कपारीकडं जायला लागते. पहिल्या दोन हातांत त्याला तळापासून उचललात तर तुमचा. नदीतल्यासारखं ‘खेळवू जरा’ म्हणालात तर तो बिळात शिरून कल्ले फुगवतो आणि पाचरीसारखा घट्ट बसतो. मग ओढू नका. दोरी सैल सोडून पाचेक मिनिटं गप्प बसा, कधीकधी आपणहून बाहेर येतो.

उलटीवाल्या मित्राला डॉक्टरांना विचारून गोळी द्या, आणि ती होडी सुटायच्या तासभर आधी. मळमळायला लागल्यावर दिलेली गोळी पोटात राहत नाही. त्या गोळीनं झोप येते, म्हणून परतीच्या गाडीचं स्टिअरिंग त्याच्याकडं नको. त्याला होडीच्या मध्यावर, इंजिनच्या धुरापासून दूर बसवा आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. गळाला आमिष लावायला वाकला की संपलं. उपाशी नेऊ नका, पण तेलकटही नको. आमच्यातल्या एकानं तांडेलासाठी नेलेला पाव किलो कुंदा पहाटे पाचला स्वतःच संपवला होता. बाकी तुम्ही ओळखा.

होडीला प्रवासी न्यायचा परवाना आहे का ते विचारा. मासेमारीची नोंदणी वेगळी. माणसामागं एक लाइफ जॅकेट, आणि ते अंगावर, बसायला नाही. मलप्रभेत पोहता येतं हा मुद्दा इथं काढू नका. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर लिहून ठेवा, आणि मोबाइलला रेंज कुठवर आहे हे तांडेलाला आधीच विचारा. बाटली परत आल्यावर.

प्रश्न : गेल्या वर्षी मित्रांबरोबर खडपावर गेलो होतो. एक छोटा गोबरा वर आला तर त्याच्या तोंडातून गुलाबी फुगा बाहेर आलेला. पाण्यात परत सोडला, पण उलटा होऊन तरंगत राहिला. रोग होता का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : रोग नाही हो. तो फुगा म्हणजे त्याचंच पोट. या माशांच्या अंगात हवेची पिशवी असते. वीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तुम्ही भराभर वर ओढलं की पिशवीतली हवा तिप्पट फुगते आणि पोटाला तोंडातून बाहेर ढकलते. डोळेही बटाट्यासारखे येतात. फुगा टाचणीनं फोडायचा मोह होतो, फोडू नका. तुम्ही पोट फोडता, पिशवी तशीच राहते.

तो मासा मेला नव्हता, खाली जाऊ शकत नव्हता. मी एक जड नट आणि त्याला उलटा बांधलेला, काटा घासून गुळगुळीत केलेला गळ जवळ ठेवतो. तो माशाच्या खालच्या ओठात अडकवून दोरी सोडली की नट त्याला तळाशी नेतो. हवा पुन्हा आकसते, दोरीला हिसका दिला की गळ सुटतो. सगळे जगतात असं नाही. म्हणून एका जागी लागोपाठ लहान गोबरे लागायला लागले तर आम्ही तांडेलाला होडी हलवायला सांगतो. गोबऱ्याच्या बहुतेक जाती आधी मादी असतात आणि मोठ्या झाल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे फोटोसाठी तुम्ही जो मोठा शोधता, तो बहुधा त्या खडपावरचा नर असतो. यावर माझा आणि मित्रांचा दरवर्षी वाद होतो, अजून मिटलेला नाही. होडीचा नांगर प्रवाळावर टाकायचा नाही, याबद्दल मात्र वाद नाही. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडाही आणू नका.

प्रश्न : शिंगाळ्याचा काटा हाताला लागला, कोपरापर्यंत ठणका गेला. सोबत्यांनी बर्फ लावला, उलट वाढलं. काय करायला हवं होतं? — एक वाचक, शहापूर

उत्तर : बर्फाच्या उलट. शिंगाळा, पाकट, खडपातला काटेरी मासा, यांचं विष उष्णतेनं मोडतं. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. दुसऱ्या, न दुखणाऱ्या हातानं पाणी आधी तपासा, कारण ठणकणाऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. होडीवर गरम पाणी कुठलं? मी दोन थर्मास नेतो, एक चहाचा, एक नुसत्या पाण्याचा. एकदा पाण्याचा घरी विसरला तेव्हा मित्राचा अंगठा चहात बुडवला होता, साखरेसकट. ठणका उतरला. किनाऱ्यावर आल्यावर डॉक्टरकडं जाऊन आत काटा राहिलाय का बघून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. छाती, मान किंवा पोटात काटा गेला, श्वास जड झाला, तर मात्र गरम पाण्यात वेळ घालवायचा नाही, होडी लगेच वळवायची.

केंड, म्हणजे अंग फुगवणारा मासा, लागला तर गळासकट तोडून द्या. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

प्रश्न : यजमान मासे घेऊन टिळकवाडीत पोचतात तेव्हा गाडीला, कपड्यांना आणि माशालाही वास असतो. ताजे आणायचे कसे? — एक गृहिणी, बेळगाव

उत्तर : वहिनी, चूक घाटात नाही, होडीत होते. मासा उन्हात पडून राहतो आणि बर्फ किनाऱ्यावर आल्यावर घेतात. निघतानाच बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून लादी फोडून न्यायला सांगा, माशाच्या वजनाइतका तरी बर्फ. डब्यात बर्फ आणि समुद्राचं पाणी कालवायचं, मासा लागला की थेट त्यात. किनाऱ्यावर आल्यावर आतडी आणि कल्ले काढून खाऱ्या पाण्यानं धुवायचं. गाडीत ठेवताना ते पाणी ओतून टाकायचं आणि बर्फाचा कोरडा चुरा थरावर थर. थर्माकोलच्या डब्याचं झाकण चिकटपट्टीनं बंद, डबा मागच्या सीटच्या पायाशी दाबून बसवलेला. आंबोलीच्या वळणावर माझा डबा एकदा आडवा झाला होता. त्यानंतर वर्षभर आमच्या घरच्यांनी त्या गाडीतून कुणाच्या लग्नाला यायचं नाकारलं.