मलेरिया अंगावर काढला तर शेतकामावर खरंच फरक पडतो का?

पडतो की, पैशात मोजता येण्याइतका पडतो. नायजेरियात एका मोठ्या ऊसमळ्यावर तोडणी कामगारांची मलेरिया टेस्ट करून लगेच गोळ्या द्यायचा प्रयोग झाला होता, तिथं मजुरी जेवढी तोड तेवढी म्हणून फरक सरळ दिसला, कमाई साधारण १० टक्क्यांनी वाढली. गंमत म्हणजे टेस्ट निगेटिव्ह आलेलेही जास्त कमवायला लागले, आपण धडधाकट आहोत कळल्यावर त्यांनी जास्त पैशाचं काम धरलं असावं. तिकडं मोठ्यांच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती असते, ताप फार चढत नाही, मग दवाखाना टळतच राहतो. फक्त हा आकडा घरच्या शेतीला जसाच्या तसा लावू नका, तिथं आजारी माणसाचं काम बायको-पोरं ओढून नेतात, त्यामुळे नुकसान पिकात कमी आणि पोरांच्या शाळेत जास्त दिसू शकतं.