प्रेपोझिशन पाठ होतात, पेपरात मात्र चुकतात

“पाठ तं सारं केलं जी, पन पेपरात गडबडतेच.” यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, सरळसेवा भरतीची तयारी करणारी मुलगी ही तक्रार घेऊन आली. शिक्षण मराठी माध्यमात, तालुक्याच्या अभ्यासिकेत रोजची बैठक, क्रियापदांची लांबलचक यादी तोंडपाठ. तरी इंग्रजीतले गुण नेमके प्रेपोझिशनवर, म्हणजे ‘इन’, ‘ऑन’, ‘टू’सारख्या शब्दांवर जायचे. आपलं डोकंच कमी, असं तिनं ठरवून टाकलं होतं. डोक्याचा इथे काही दोष नाही, हे तिला कागदावर दाखवणं गरजेचं होतं.

यादी बाजूला ठेवायला सांगितली. चुकलेली वाक्यं लिहायची आणि प्रत्येकाखाली मनात आलेलं मराठी वाक्य. ‘वी डिस्कस्ड अबाउट द क्रॉप’च्या खाली आलं, आम्ही पिकाबद्दल चर्चा केली. ‘शी मॅरीड विथ अ टीचर’खाली, तिनं शिक्षकाशी लग्न केलं. ‘आय बिलीव्ह ऑन गॉड’खाली, माझा देवावर विश्वास आहे. मराठीतल्या ‘-बद्दल’, ‘-शी’, ‘-वर’ यांना पेनानं गोल केल्यावर तिचं तिलाच दिसलं: चूक मराठीच्या बोटाला धरून येते.

मग यादीचे तीन भाग केले. पहिल्यात मराठीत प्रत्यय असतो, इंग्रजीत काहीच लागत नाही: डिस्कस, मॅरी, रीच, एंटर, अटेंड, आन्सर. दुसऱ्यात उलट. ‘गाणी ऐकते’ म्हणताना मराठीला काही लागत नाही, इंग्रजीला ‘लिसन टू’ लागतं. तिसऱ्यात दोन्हीकडे काहीतरी असतं, पण जुळत नाही: ‘बिलीव्ह इन’, ‘लाफ ॲट’. ‘डिपेंड ऑन’सारखी मराठीशी जुळणारी क्रियापदं सरळ खोडली. ती चुकत नाहीत, त्यांवर वेळ का घालवायचा?

पहिला भाग सर्वात फसवा, कारण क्रियापदाचं नाम झालं की प्रेपोझिशन परत येतं. ‘डिस्कस द प्रॉब्लेम’, पण ‘डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम’. ‘आन्सर द क्वेश्चन’, पण ‘आन्सर टू द क्वेश्चन’. ‘मॅरी’ला काही नको, ‘मॅरीड’ विशेषण झालं की ‘टू’ हवं: ‘शी इज मॅरीड टू अ टीचर’. म्हणून गाळलेल्या जागेआधी शब्द क्रियापद आहे की नाम, हे आधी पाहायचं.

सराव असा दिला: रोज पाचच क्रियापदं, प्रत्येकाचं घरातलं एक पूर्ण वाक्य. ‘आई इज वेटिंग फॉर द एसटी.’ सुटा शब्द लिहायचा नाही. वाक्य मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्या दिवशी प्रेपोझिशनवर बोट ठेवून म्हणायचं, चुकलं तर आठवड्यानं पुन्हा. ‘लुक ॲट’, ‘लुक फॉर’, ‘लुक आफ्टर’ एकाच दिवशी घ्यायचे नाहीत. सारखे दिसणारे शब्द एकत्र शिकले की एकमेकांत मिसळतात, आणि तिची यादी नेमकी तशीच रचलेली होती.

तिची पहिल्या भागातली गडबड लवकर आवरली. तिसरा भाग चिवट. ‘बिलीव्ह ऑन’ अजून मधूनच निसटतं, म्हणून ते वाक्य रोजच्या पानात ठेवलंय. पुढचा सराव आता प्रेपोझिशननंतरच्या क्रियापदाचा: तिथे ‘आयएनजी’ रूप येतं, ‘इन्सिस्टेड ऑन गोइंग’. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ही प्रेपोझिशनच, म्हणून पुढे ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’.