मेल्यावर माईक बंद

"एरवी घरात आवाज चढवत नाही हो, पण हेडफोन लावला की काय संचारतं कोण जाणे. तोंडात शिव्या!" समुपदेशनाच्या कामात ही तक्रार इतक्या पालकांकडून ऐकली आहे की पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: गेममुळे मुलगा बिघडला का? बहुतेकदा नाही. पण 'वयच तसं आहे' म्हणून सोडून देण्यासारखंही ते नसतं. खालची हकिगत एका सोळा वर्षांच्या मुलाची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि अनेक भेटींमधलं बोलणं मोजक्या संवादांत आणलंय.

तो व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळायचा. पाच विरुद्ध पाच, आधी 13 राऊंड घेईल ती टीम जिंकली. राऊंडमध्ये मेलात की सहसा तो राऊंड संपेपर्यंत परत येता येत नाही. जिवंत साथीदाराच्या स्क्रीनकडे बघत बसायचं. हे लक्षात ठेवा, ग्यानबाची मेख तिथंच आहे.

आईला ओरडणं आणि शिव्या, दोन्हींचा त्रास होता, आणि त्यांच्या मते ते एकच दुखणं होतं. तसं नव्हतं. दोन्ही कान झाकणाऱ्या हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू येत नाही, वर कानात गोळीबार चालू. गोंगाटात माणूस नकळत मोठ्यानं बोलतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं 1911 मध्येच मांडलं होतं. एक कान उघडा ठेव, असं पालक सांगतात. मुलं ऐकत नाहीत आणि त्यांचं बरोबर असतं, कारण शत्रूची पावलं डावीकडून येताहेत की उजवीकडून हे दोन्ही कानांनीच कळतं. त्यापेक्षा हेडसेटच्या सेटिंगमध्ये 'साइडटोन' किंवा 'माईक मॉनिटरिंग' असेल तर ते चालू करावं, म्हणजे आपलं बोलणं आपल्याच कानात येतं. गेमचा एकूण आवाज थोडा उतरवावा. साथीदारांच्या आवाजाचा स्लायडर वेगळा असतो, तो होता तिथंच ठेवावा. एवढ्यानं ओरडणं बरंच खाली आलं. राहिल्या शिव्या.

शिव्या का देतोस, असं मी विचारत नाही. 'का' विचारलं की मुलं वकिली करतात. मी विचारलं, "शिवी दिल्यावर तो साथीदार बरा खेळतो?"

"नाही. पण न देता तरी कुठं बरा खेळतो?"

"मग देतोस कशासाठी?"

"मॅडम, त्याला कळायला नको? मागं बघायला हवंच होतं त्यानं. एवढी साधी गोष्ट!"

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या विचारसरणीवर माझं काम उभं आहे, त्यामुळे अशा वाक्यांकडे माझे कान टवकारतात. साथीदारानं मागं बघितलं असतं तर बरं झालं असतं, ही इच्छा. बघायलाच हवं होतं, हा हुकूम. हुकूम मोडला की संताप ठरलेला. पण हे सोळा वर्षांच्या मुलाला तोंडानं सांगून उपयोग नसतो, त्याला ते स्वतःच्या खेळात सापडावं लागतं.

म्हणून एक काम दिलं. एक पूर्ण मॅच ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करायची. गेमचा आवाज एका ट्रॅकवर, माईक दुसऱ्या ट्रॅकवर. मग स्वतःचं प्रत्येक वाक्य कागदावर उतरवायचं आणि पुढं दोन खुणा करायच्या: तेव्हा जिवंत होतास की मेलेला, आणि वाक्यात माहिती होती, सूचना होती की कुणाबद्दलचा निकाल. "हे तर होमवर्क झालं," म्हणून कुरकुरला, पण करून आला.

कागद माझ्यापुढं सरकवून बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "जिवंत असताना मी कुणालाच काही बोललो नाहीये."

सगळ्या शिव्या 'मेलेला' या रकान्यात होत्या. ज्या राऊंडमध्ये तो सगळ्यांच्या आधी मेला, तिथं सर्वांत जास्त.

"आधी मेलास की पहिलं काय मनात येतं?"

"सगळे माझा स्कोअर बघताहेत."

"आणि मग?"

थांबला. "मग दुसरं कुणीतरी चुकायला पाहिजे."

इतकं नेमकं उत्तर मोठी माणसंही देत नाहीत. साथीदारावरचा हुकूम दुय्यम होता. मूळ हुकूम स्वतःवर होता, मी आधी मरताच कामा नये. तो मोडला की लाज वाटायची, आणि लाज गिळण्यापेक्षा राग ओकणं सोपं. त्यात हात रिकामे आणि तोंड मोकळं.

मग त्यानंच लॅपटॉप उघडून एक राऊंड दाखवला. शेवटचा साथीदार एकटा, समोर दोघं, आणि ह्याचा आवाज: "मागं, मागं, अरे मागं बघ!" साथीदार मेला, वर शिवी. मी म्हटलं, तुझा ट्रॅक बंद करून परत लाव. लावला. त्या शांततेत बुटांचे आवाज स्वच्छ आले, उजवीकडून. ट्रॅक पुन्हा चालू केला, पावलं गायब. त्यानं हे आलटून पालटून तीनदा ऐकलं. मी एक शब्द बोलले नाही, आणि ते न बोलणं हेच त्या भेटीतलं माझं काम होतं असं मला वाटतं.

त्यानंतरचे नियम त्यानं स्वतः लिहिले, मी फक्त घासूनपुसून दिले. मेल्यावर एकच वाक्य: कुठं, किती जण, किती मार बसलाय. "ए मेन, दोघं, एकाला 84." मग बोलण्यासाठी दाबलेल्या बटणावरचं बोट उचलायचं. नुसतं "लो आहे, लो आहे", म्हणजे शत्रू मरायला टेकलाय, असं ओरडायचं नाही. पूर्ण चिलखतासह गडी 150 चा असतो, म्हणजे तेवढा मार बसला की मरतो; 30 चा मार देऊन 'लो' म्हटलंत तर साथीदार बेधडक पुढं जातो आणि मरतो, मग पुन्हा शिवीगाळ. एकटा उरलेला खेळत असेल तर त्यानं विचारल्याशिवाय चकार शब्द नाही. चूक दाखवायची तर राऊंड संपल्यावर, खरेदीच्या 30 सेकंदांत, आणि माणसाचं नाव न घेता: "पुढच्या वेळी मागं एक जण ठेवूया."

माईक सतत उघडा ठेवण्यापेक्षा बटण दाबून बोलण्याची पद्धत केव्हाही बरी. पंखा, कीबोर्डची खडखड, आईची हाक टीमपर्यंत जात नाही, आणि रागात बटण दाबायला लागणारा तो क्षण कधी कधी पुरतो. डिस्कॉर्ड या बोलण्याच्या ॲपवर शेवटचा शब्द तुटत असेल तर 'रिलीज डिले', म्हणजे बटण सोडल्यावर माईक उघडा राहण्याचा वेळ, थोडा वाढवा. बोलायचंच नसेल तर पिंग, म्हणजे न बोलता बटणानं टीमला जागा दाखवणारी खूण, आहेच; 2019 मध्ये एपेक्स लेजंड्स या गेमनं नुसत्या पिंगवर अख्खी टीम चालवता येते हे दाखवून दिलं. आवाजावरून मुलगी आहे हे कळताच ज्यांना नको ते ऐकावं लागतं, त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

या मुलाच्या शिव्या थांबल्या का? पूर्ण नाही. पण आता तोंडून गेली की त्याला स्वतःला ऐकू येते, आणि "सॉरी, मी आधी मेलो म्हणून चिडलो" असं तो एकदा चक्क टीमला म्हणाला.

पालकांनी एक करावं. मॅचच्या मध्येच "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणू नये. रँकच्या मॅचमधून मध्येच उठलं की गुण कापले जातात, काही काळ खेळायला बंदी येते आणि चार साथीदार अडकतात. "किती राऊंड राहिले?" असं विचारा. उत्तर आलं की वेळ ठरवा आणि ती पाळायला लावा.

आणि शिव्या खाणारा तुमचा मुलगा असेल तर क्रम असा: आधी म्यूट, मग रिपोर्ट, उत्तर अजिबात नाही. म्यूट केल्यानं कुणी भित्रा ठरत नाही, फक्त त्या गड्याचे पिंग बघत राहा. रिपोर्टमध्ये योग्य प्रकार निवडा. व्हॉइसमधली शिवी 'नीट खेळत नाही'खाली टाकलीत तर तपासणारा भलतंच शोधत बसेल. एक्सबॉक्सवर 2023 पासून गेममधल्या बोलण्याची 60 सेकंदांची क्लिप जपून तक्रारीला जोडता येते. धमकी, पत्ता किंवा फोटो मागणं असं काही असेल तर म्यूट करण्याआधी नाव आणि वेळेचा स्क्रीनशॉट घ्या, आणि घरातल्या मोठ्यांना त्याच दिवशी दाखवा.