काहीही बदललं नाही, तरी क्लाउडचं बिल दुप्पट कसं झालं?

तुम्ही लिहिलंय की एडब्ल्यूएसवरची (ॲमेझॉनच्या क्लाउडवरची) तुमची मांडणी दोन-तीन वर्षं तशीच आहे, ट्रॅफिकही तेवढंच, डेटाबेस आरडीएसवरचा (एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा) मायएसक्यूएल 5.7, आणि तरी बिल दुप्पट. माझा पहिला संशय त्या 5.7 वरच आहे.

आरडीएसवर 5.7 चा नेहमीचा सपोर्ट 29 फेब्रुवारी 2024 ला संपला. जे डेटाबेस त्यानंतरही 5.7 वर राहिले ते आपोआप 'एक्स्टेंडेड सपोर्ट'मध्ये, म्हणजे जुन्या आवृत्तीच्या सशुल्क सपोर्टमध्ये, गेले. त्यासाठी कुणाला बटण दाबावं लागलं नाही. सूचनेच्या ईमेल येतात, पण खात्याला जोडलेल्या पत्त्यावर, आणि लहान कंपन्यांत तो पत्ता बऱ्याचदा नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असतो.

या सपोर्टचा आकार प्रत्येक व्हीसीपीयूमागे (मशीनच्या आभासी प्रोसेसरमागे) तासावर लागतो. मुंबई रीजनचे (तिथल्या डेटा सेंटरचे) दर वेगळे आहेत, पण अंदाजासाठी अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा दर घ्या: पहिली दोन वर्षं 10 सेंट. ऐकायला किरकोळ वाटतो. दोन व्हीसीपीयूच्या टी3 मीडियम मशीनवर मात्र महिन्याच्या 730 तासांचे 146 डॉलर होतात, आणि त्या मशीनचं स्वतःचं भाडं जेमतेम 50 डॉलर! मल्टी-एझेड असेल, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी राखीव प्रत चालू असेल, तर त्या स्टँडबायचेही धरा. तिसऱ्या वर्षी, म्हणजे 1 मार्च 2026 पासून, हा दर दुप्पट. वर 18 टक्के जीएसटी आहेच.

खात्री करायला एडब्ल्यूएसचं खर्च दाखवणारं कॉस्ट एक्सप्लोरर उघडा, सर्व्हिसमध्ये आरडीएस निवडा आणि 'युसेज टाइप'नुसार फोड करा. 'एक्स्टेंडेडसपोर्ट' असलेली ओळ दिसली की चोर सापडला. कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी प्रणाली) वापरत असाल तर ईकेएसही (एडब्ल्यूएसची कुबरनेटीस सेवा) बघा. तिथे जुन्या आवृत्तीवर राहिलेल्या क्लस्टरचा दर तासाला 10 सेंटवरून 60 सेंटवर जातो.

हा आकार बंद करायचा तर आवृत्ती वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. पण 8.0 वर पोचून थांबू नका, कारण तिचाही नेहमीचा सपोर्ट 31 जुलै 2026 पर्यंतच आहे. 8.0 ही पायरी समजा आणि 8.4 गाठा. आधी स्नॅपशॉटवरून (बॅकअपवरून) एक प्रत उभी करून तिच्यावर ॲप चालवून बघा, आणि चाचणी झाली की ती प्रत त्याच दिवशी काढून टाका.

हे मी कळकळीने सांगतोय, कारण इथे माझ्या हातून चूक झालेली आहे. आम्ही ब्लू-ग्रीन पद्धतीने, म्हणजे जुन्याशेजारी नवा डेटाबेस उभा करून मग त्यावर वळून, नव्या आवृत्तीवर गेलो. रात्री स्विच झालं, सकाळी सगळं सुरळीत, आणि मी दुसऱ्या कामाला लागलो. जुना डेटाबेस मात्र नावापुढे 'ओल्ड1' लागून तसाच चालू होता. तो आपोआप जात नाही. त्याच्याकडे एकही कनेक्शन येत नव्हतं, आणि भाडं व एक्स्टेंडेड सपोर्ट दोन्ही लागत होते. पुढचं बिल येईपर्यंत माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

विसरलेल्या गोष्टी अशाच असतात. 'बंद' केलेला आरडीएस सात दिवसांनी आपणहून पुन्हा सुरू होतो. ईसी2 (भाड्याचं सर्व्हर मशीन) थांबवलं तरी त्याच्या डिस्कचे पैसे लागतच राहतात. 1 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही4 पत्त्याला (मशीनच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला), वापरात असो वा नसो, तासाला अर्धा सेंट पडतो, म्हणजे पत्त्यामागे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर. कन्सोलवरच्या बहुतेक याद्या एका वेळी एकाच रीजनच्या असतात. त्यामुळे मुंबईची यादी स्वच्छ दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. कुणीतरी शिकताना व्हर्जिनियात काहीतरी उभं केलेलं असू शकतं. बिलावर रीजननुसार फोड असते, तिथून सुरुवात करा.

अवघड काम त्यापुढचं आहे. सापडलेली डिस्क कुणाची, हे कुणालाच ठाऊक नसतं आणि पुसायला कुणी धजत नाही. आम्ही आता प्रत्येक गोष्टीला मालकाचं नाव आणि काढण्याची तारीख टॅगमध्ये लिहितो. बेवारस डिस्क दिसली तर स्नॅपशॉट घेऊन ती काढतो आणि स्नॅपशॉटलाही तारीख घालतो.

तुमचं झालेलं बिल भरण्याआधी सपोर्टकडे बिलिंगची केस टाका. त्यासाठी सशुल्क प्लॅन लागत नाही. आवृत्ती कोणत्या तारखेला वाढवणार आहात ते त्यात लिहा आणि सवलत स्पष्ट शब्दांत मागा. मिळेलच असं नाही, पण अर्ज करायला दहा मिनिटं पुरतात.