उत्तर: वराडकरांवर भाषण करताना ‘तेवढं’ वगळावं का?

तुमची पोस्ट वाचली आणि गॅस बंद करून लिहायला बसले. महाराष्ट्र दिनाला सोसायटीत आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकरांवर वीस मिनिटं बोलायचंय, अध्यक्षांनी ‘मालवणचा सुपुत्र’ असं शीर्षकही ठरवून टाकलंय, आणि वर सांगितलंय की त्यांच्या खासगी आयुष्याचं काही काढू नका, लहान मुलं असतात. तुम्ही विचारताय, तेवढं वगळलं तर बिघडतं कुठे?

माझं बिघडलं होतं. आधीच सांगते, मी राजकारणाची अभ्यासक नाही. वक्तृत्वाचे वर्ग घेते, माहेर मालवण तालुक्यातलं, म्हणून या माणसाबद्दल २०१७ पासून जिथे मिळेल तिथे वाचत आले. खाली जे आहे त्यात मतं माझी आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या. जन्म, शाळा, कॉलेज वगैरे तुम्ही काढलंच असेल, त्यात जात नाही.

जून २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आमच्याकडे काय उत्साह होता ते आठवत असेल. मालवण तालुक्यातल्या त्यांच्या मूळ वराड गावातून बातम्या, वाड्याचे फोटो, काका-पुतण्यांच्या मुलाखती. एका मंडळाने गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला. मी मन लावून लिहिला. त्यात एक परिच्छेद असा होता की १८ जानेवारी २०१५ ला, स्वतःच्या ३६ व्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री असताना, वराडकरांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी आहोत हे सांगितलं. आठ-नऊ ओळी असतील. मंडळाच्या कार्यालयातून फोन आला. "बाई, लेख सुंदर झालाय, पण अंक घराघरांत जातो. शिवाय आपल्याकडे ३७७ कलम आहे, उगाच कुणी तक्रार केली तर?" समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ते कलम तेव्हा खरंच होतं, असे संबंध गुन्हा नाहीत हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला आणखी वर्ष होतं, ६ सप्टेंबर २०१८ ला आला. मी म्हटलं, बरं, काढा.

माझी चूक ती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. ‘बरं, काढा’ एवढंच बोलले आणि फोन ठेवला.

अंक हातात आला तेव्हा परिच्छेद तर गेलाच होता, पण त्या जागी एक नवं वाक्य होतं: ‘राष्ट्रकार्याला वाहून घेतल्याने ते अद्याप अविवाहित आहेत.’ खाली माझं नाव. मी तीन वेळा फोन केले, एकदा स्वतः गेले. प्रत्येक वेळी उत्तर एकच, किरकोळ संपादन केलंय, अंक छापून झालाय, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीच्या अंकात दुरुस्तीची एक ओळसुद्धा आली नाही. अजून लिहिताना राग येतो. लेख कापायचा अधिकार संपादकाला आहे, मान्य, पण लेखकाच्या नावावर खोटं वाक्य घालायचा अधिकार कुणालाच नाही.

पण मला सगळ्यात महाग पडलं ते वेगळंच. माझ्या वर्गात एक मुलगा यायचा, बारावीतला, आवाज फार छान, उत्तेजनार्थवर कधी थांबला नाही, नंबरच काढायचा. त्याने तो अंक वाचला. रात्री मेसेज आला, "बाई, तुम्हाला माहीत होतं ना? तुम्हीच वर्गात सांगितलं होतंत." खरंच सांगितलं होतं, त्या रेडिओ मुलाखतीचं उदाहरण मीच दिलं होतं, अवघड गोष्ट आवाज न चढवता कशी सांगावी म्हणून. मी त्याला अंकाची, कार्यालयाची, ३७७ ची सगळी कारणं लिहिली. त्याने वाचली, निळ्या खुणा दिसल्या. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्यानंतरही कधी आला नाही. त्याच्याबद्दल मी कसलाही तर्क करणार नाही, तो माझा अधिकार नाही. मात्र माझ्या एका ‘बरं’मुळे एका मुलाचा माझ्या शब्दावरचा विश्वास गेला, हे मला नीट ठाऊक आहे.

आता तुमच्या अध्यक्षांचा मुद्दा, ‘खासगी आयुष्य’. हे त्या माणसाने स्वतः, मंत्रिपदावर असताना, सार्वजनिक कारणासाठी सांगितलं. त्याच वर्षी समलिंगी विवाहावर सार्वमत होणार होतं, आणि समलिंगी पुरुषांच्या रक्तदानाच्या नियमांसारखे निर्णय आरोग्यमंत्री म्हणून त्यांच्याच टेबलावर येणार होते. आपला काही छुपा हेतू आहे असं कुणाला वाटू नये, ही त्यांची भूमिका होती. मग २२ मे २०१५ ला सार्वमत झालं, ६२ टक्के लोकांनी होकार दिला, आणि जनतेच्या मताने असा विवाह मान्य करणारा आयर्लंड जगातला पहिला देश ठरला. ज्या देशात १९९३ पर्यंत समलिंगी संबंध हा गुन्हा होता, त्या देशात. हे वगळून त्यांची कारकीर्द सांगताच येत नाही.

आणि तुमच्या शीर्षकासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्याच मुलाखतीत ते एका दमात म्हणाले होते, त्याचा आशय असा: मी काही अर्धा भारतीय राजकारणी नाही, डॉक्टर राजकारणी नाही, आणि समलिंगी राजकारणीही नाही, हे सगळं माझ्यात आहे, पण मी कोण ते त्यावरून ठरत नाही. आपण काय केलं? तिघांपैकी एक उचललं, त्याचा मथळा केला, आणि दुसरं लपवलं.

वराडबद्दल बोला, जरूर बोला. मलाही तिथे गेलं की भरून येतं. वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईत जन्मले, १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले, तिथे रुग्णालयात आयरिश परिचारिका मिरियम भेटल्या, आयर्लंडमधल्या डंगार्वनच्या. पुढे डब्लिनच्या पश्चिमेला ब्लँचर्डस्टाउनमध्ये दवाखाना थाटला. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस लिओ वराडला आले तेव्हा जोडीदारही बरोबर होते, आईवडीलही होते. गावाने ओवाळून स्वागत केलं. गावाला काही अडचण झाली नाही, तर तुमच्या सोसायटीला का व्हावी? पण हा भाग तीन-चार मिनिटांत आटपा. ते वाढले, घडले, हरले, जिंकले ते डब्लिनमध्ये.

हरले म्हणताना १९९९ सांगा. वय वीस, ट्रिनिटी कॉलेजमध्ये वैद्यकीय विद्यार्थी, स्थानिक निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. २००३ मध्ये फिंगल काउंटी कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या स्थानिक मंडळावर, रिकाम्या जागी घेतले गेले, आणि २००४ मध्ये पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं मिळवली, त्या स्थानिक निवडणुकीत देशातली सगळ्यात जास्त. २००७ मध्ये डब्लिन वेस्ट मतदारसंघातून संसदेत. २०११ ला वाहतूक आणि पर्यटन, २०१४ ला आरोग्य, २०१६ ला सामाजिक सुरक्षा. लहानपणी आईच्या मैत्रिणींसमोर ‘मी आरोग्यमंत्री होणार’ म्हणाल्याची गोष्ट त्यांच्या सगळ्या चरित्रलेखांत येते, मुलांना ती आवडेल.

एक चूक नव्वद टक्के मराठी भाषणांत असते: ‘आयर्लंडच्या जनतेने एका भारतीयाला पंतप्रधान निवडलं.’ असं झालं नाही. २०१७ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान एंडा केनी पायउतार झाले आणि त्यांच्या फिने गेल पक्षाने नवा नेता निवडला. मतांचं वजन ठरलेलं होतं, खासदारांना ६५ टक्के, नगरसेवकांना १० आणि साध्या सदस्यांना २५. प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनींना ७,०५१ सदस्यांनी मत दिलं, वराडकरांना ३,७७२. म्हणजे कार्यकर्त्यांत ते चांगलेच मागे होते. पण ७३ पैकी ५१ खासदार त्यांच्याबरोबर, म्हणून एकूण ६० टक्क्यांवर जिंकले. मग १४ जूनला संसदेत ५७ विरुद्ध ५० मतांनी निवड, तीही फिआना फॉलसारखा मुख्य विरोधी पक्ष तटस्थ राहिला म्हणून. वय ३८. हे आकडे सांगितलेत की श्रोते एकदम कान टवकारतात, कारण पक्षातली बेरीज-वजाबाकी आपल्या लोकांना फार लवकर कळते.

मला स्वतःला त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा प्रसंग २०१८ चा वाटतो. सविता हलप्पनवार मूळच्या बेळगावच्या, दंतवैद्य. सतरा आठवड्यांच्या गरोदर असताना गर्भ आपोआप पडू लागला, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, तरी हृदयाचे ठोके सुरू आहेत म्हणून गर्भपाताची विनंती मान्य झाली नाही, आणि जंतुसंसर्गाने ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेत त्यांचा मृत्यू झाला. गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणाऱ्या, आयर्लंडच्या राज्यघटनेतल्या १९८३ च्या आठव्या दुरुस्तीविरुद्ध लोक रस्त्यावर आले. वराडकर आधी गर्भपाताच्या बाबतीत बरेच सनातनी होते, उघडपणे. नंतर त्यांचं मत बदलत गेलं, आणि पंतप्रधान म्हणून त्यांनी ती दुरुस्ती काढायची का यावर सार्वमत घेतलं, होकाराचा प्रचारही केला. २५ मे २०१८, ६६.४ टक्के होकार. आपलं मत बदललं हे मान्य करून त्यावर देशाचा कौल मागायला धैर्य लागतं. सोसायटीत लेकी-सुना बसलेल्या असतील, तर हे सांगाच.

पण आरती ओवाळू नका, ही माझी दुसरी कळकळीची विनंती. सामाजिक सुरक्षा मंत्री असताना सरकारी मदत लाटणाऱ्यांविरुद्ध जी जाहिरातमोहीम काढली, तिने गरिबांवर विनाकारण संशय घेतला असं अनेकांचं म्हणणं होतं, माझंही आहे. घरांचा प्रश्न त्यांच्या काळात चिघळला, २०१९ मध्ये तात्पुरत्या निवाऱ्यातल्यांचा आकडा १०,००० च्या वर गेला. सरकारच्या डॉक्टरांच्या एका संघटनेशी झालेल्या कराराचा मसुदा त्यांनी डॉक्टरांच्याच दुसऱ्या संघटनेच्या प्रमुखाला, जो मित्र होता, दिला; त्याबद्दल संसदेत माफी मागावी लागली, पोलीस चौकशी झाली, २०२२ मध्ये खटला न भरण्याचा निर्णय झाला. आणि २०२० च्या निवडणुकीत पंतप्रधान असूनही स्वतःच्याच मतदारसंघात पहिला नंबर सिन फेन या पक्षाच्या उमेदवाराचा आला, वराडकर पाचव्या फेरीत निवडून आले. तिथे मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात आणि मतं पुढे सरकतात, एवढं एक वाक्य सांगा, नाहीतर ‘पाचवी फेरी’ कुणाला कळणार नाही.

नंतरचं थोडक्यात: मार्च २०२० मध्ये डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी करून आठवड्यातून एकदा फोनवर रुग्ण तपासले, जूनमध्ये तीन पक्षांच्या समझोत्यात उपपंतप्रधान, डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा पंतप्रधान. ८ मार्च २०२४ ला दोन घटनादुरुस्त्या लोकांनी दणकून फेटाळल्या, २० मार्चला त्यांनी पद सोडणार म्हणून जाहीर केलं. वय ४५.

उच्चाराचं: तिथे पंतप्रधानाला ‘टीशख’ म्हणतात, शेवटचा ख घशातून. पक्ष ‘फिना गेल’च्या जवळ जातो, वर मी आपल्या छापील सवयीने फिने गेल लिहिलंय.

आणि एक व्यवहाराचं. भाषणाचा सारांश सोसायटीच्या अंकात येणार असेल तर छापायच्या आधी अंतिम मजकूर ईमेलवर मागवा, फोनवर नाही. फोनवरचं ‘बरं’ नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही, फक्त आपल्या राहतं. अध्यक्ष तरीही अडून बसले तर मुलांच्या खेळांनंतरची वेळ मागून घ्या, पण ती दोन वाक्यं ठेवा: वराडला जोडीदार बरोबर होता, आणि आपण समलिंगी आहोत हे त्यांनी स्वतः सांगितलं. आवाज न बदलता, वराडबद्दल सांगताना लावाल त्याच सुरात.

मसुदा झाला की मला पाठवा, रात्री नऊनंतर वाचून ठेवीन. पहिली पाच वाक्यं मात्र तोंडपाठ करा, कागद हातात असला तरी.