एकच पान, मोजकी बटणं: हे कुठपर्यंत पुरतं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पंचवीसेक जणांच्या टीमला सामायिक उपकरणं आगाऊ राखून ठेवायला एक वेब ॲप हवंय. तुम्हाला ते हॅकर न्यूजसारखं (तंत्रज्ञानाच्या लिंक आणि चर्चेची साइट) करायचंय, म्हणजे एकच पान, रंग जवळजवळ नाहीत, बटणं मोजून चार, फ्रेमवर्क (ॲपसाठी तयार मिळणारा कोडचा सांगाडा) शून्य. सहकारी म्हणतात, सहा महिन्यांत अंगाशी येईल.

मी जवळपास अशाच कामाचं ॲप लिहिलंय आणि सहा वर्षं सांभाळलंय. माझं मत सांगतो: कोडच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, स्क्रीनच्या बाबतीत सहकाऱ्यांचं.

‘साधं’ या एका शब्दात तुम्ही दोन गोष्टी कोंबल्यात. डोळ्यांना दिसणारा साधेपणा आणि आतल्या कोडचा साधेपणा बरेचदा एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. समजा, बुकिंगसाठी एकच चौकट ठेवली आणि त्यात ‘उद्या दुपारी ३ ते ५’ असं लिहायची सोय दिली. स्क्रीन देखणी होईल, पण मागे ते वाक्य समजून घेणारा कोड लागेल, आणि ‘परवा सकाळी’ कोणी लिहिलं की घोडं अडेल. त्याऐवजी तारीख, पासून, पर्यंत अशा तीन चौकटी दिल्या तर दिसायला जुनाट, पण तारखेचा आणि वेळेचा इनपुट ब्राउझरच देतो. मी डोळे मिटून दुसरं घेईन.

कोड साधा ठेवण्याचे फायदे तुम्हाला वाटतात त्याहून जास्त आहेत. पान सर्व्हरवरच तयार करा. फॉर्म आला की नोंद करून रीडायरेक्ट द्या (ब्राउझरला पुढच्या पानावर पाठवा), म्हणजे रिफ्रेश केल्यावर तीच नोंद दुसऱ्यांदा होत नाही. डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये ठेवा. एवढ्यावर बॅक बटण चालतं, लिंक दुसऱ्याला पाठवता येते, नव्या टॅबमध्ये उघडता येते, नीट लेबलं दिली असतील तर अंधांना स्क्रीन वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही वाचतो. वेगाचंही तसंच. ब्राउझर आणि सर्व्हरमधली टीसीपी जोडणी नवी असताना सर्व्हर साधारण १० पॅकेट पाठवून पोच येण्याची वाट पाहतो (२०१३ च्या आरएफसी ६९२८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातला आकडा), म्हणजे सुमारे १४ केबी. माझं पूर्ण पान, सीएसएससकट (पानाच्या दिसण्याचे नियम), कॉम्प्रेस केल्यावर त्याच्या आत बसायचं. खरं सांगायचं तर पंचवीस माणसांच्या ॲपला याने फारसा फरक पडत नाही. मी तरी ते मिरवत असे.

खरा फायदा पाचव्या वर्षी कळतो. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांचं भांडार) लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं गेलं, आणि ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं अशांचे प्रकल्प बिल्ड (कोडपासून चालणारं ॲप तयार करणं) होईनासे झाले. माझ्या ॲपमध्ये बिल्ड ही पायरीच नाही. मध्ये दीड वर्ष मी त्याला हात लावला नव्हता, आणि परत उघडलं तेव्हा जसं ठेवलं होतं तसंच चालत होतं. तुमच्या आकाराच्या कामाला मोठं फ्रेमवर्क म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आता स्क्रीनकडे येतो. इथे मी स्वतः तोंडावर पडलोय.

पहिल्या आवृत्तीत मी ‘शेरा’ हे फील्ड काढून टाकलं. उपकरण, तारीख, पासून, पर्यंत, नाव, बस्स. सगळ्यांनी पहिल्या आठवड्यात कौतुक केलं. महिन्याभरात नावाच्या चौकटीत ‘सुनीता, जास्तीची केबल हवी’, ‘सुनीता, अर्धा तास उशिरा घेईन’, ‘सुनीता आणि पाहुणे’ असं दिसायला लागलं. लोकांना सांगायचं होतं ते त्यांनी मिळेल त्या फटीतून सांगितलं. मग ‘माझी बुकिंग’ हे पान कोलमडलं, कारण एकच बाई यादीत चार नावांनी हजर. ते निस्तरायला मी जो कोड लिहिला तो एका शेऱ्याच्या फील्डपेक्षा कितीतरी मोठा होता, आणि शेवटी ते फील्डही द्यावंच लागलं.

कट-कॉपी-पेस्टशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या लॅरी टेस्लर यांचं म्हणणं होतं की प्रत्येक कामात गाभ्याची अशी काही गुंतागुंत असतेच. तिला नाहीसं करता येत नाही, ती कोणी वाहायची एवढंच ठरवता येतं. मी ती स्क्रीनवरून उचलून सुनीताच्या डोक्यावर ठेवली होती, आणि तिने ती माझ्या डेटाबेसमध्ये परत आणून टाकली.

हॅकर न्यूजचं उदाहरण म्हणूनच जपून घ्या. २००७ पासून ते जवळपास तसंच दिसतं, हे खरं. पण तिथे वस्तू मुख्यतः दोनच प्रकारच्या, पोस्ट आणि टिप्पणी. शिवाय जे दिसत नाही ते कमी नाही: मत खाली ओढणारा बाण पुरेसं कर्मा (इतरांच्या मतांतून मिळणारे गुण) जमल्याशिवाय दिसतच नाही, क्रमवारीचं गणित मागे चालतं, आणि माणसं बसून मॉडरेशन (चर्चेवर देखरेख) करतात. गूगलच्या मोकळ्या पानाचंही तेच. एका चौकटीवर भागतं, कारण उरलेलं सगळं पलीकडे कोणीतरी उपसतंय. तुमच्या पलीकडे कोण आहे? तुम्हीच, तेही वेळ मिळाला तर.

तुमच्या चित्रात बहुधा एकच स्क्रीन आहे, जिच्यात सगळं सुरळीत झालंय. न झालेल्या स्क्रीनही काढून बघा. दोघांनी एकाच क्षणी तीच वेळ मागितली तर? ‘जमलं नाही’ एवढं साधं वाक्य पुरत नाही. कोणी घेतली, कधीपर्यंत, त्यानंतर मोकळी कधी, हे तिथेच सांगावं लागतं. दोघं एकच बुकिंग बदलताहेत आणि दुसऱ्याने पहिल्याचा बदल नकळत पुसला तर? याला फॉर्ममध्ये एक लपवलेला आवृत्ती क्रमांक पुरतो, सेव्ह करताना तो जुना निघाला तर थांबायचं. पण थांबल्यावर दाखवायला पान हवंच. सेशन (लॉगिनची मुदत) संपलं आणि लिहिलेलं सगळं गेलं, तर लोक डिझाइनच्या साधेपणाबद्दल जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. डिलीट करताना ‘नक्की का?’ विचारण्यापेक्षा काही वेळ ‘परत आणा’ दाखवा. पहिल्याची लोकांना सवय होते आणि न वाचता ‘हो’ दाबलं जातं.

दिसण्याच्या मोहाबद्दल थोडक्यात. फिकट राखाडी अक्षरं नकोत. डब्ल्यूसीएजी (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट मागतं. दाबायच्या गोष्टी निदान २४ पिक्सेलच्या ठेवा, हॅकर न्यूजचे बाण फोनवर दाबून पाहिलेत तर कारण कळेल. लेबल काढून चौकटीच्या आत फिकट अक्षरांत सूचना देऊ नका, टाइप करायला लागलं की ती गायब होते. आणि शब्दाविना नुसते आयकॉन नकोतच. माउस नेल्यावर अर्थ दाखवू म्हणाल, तर टचस्क्रीनवर माउस नसतो.

कोडच्या साधेपणालाही एक हद्द आहे, तीही सांगतो. मला वाटलं की बुकिंग वेळापत्रकावर ओढून हलवता यावं. फ्रेमवर्क नको म्हणून शंभर ओळी जावास्क्रिप्ट हातानं लिहिलं. मग पान आपोआप ताजं होत राहावं म्हणून आणखी. मग ओढताना मध्येच ताजं झालं तर काय, म्हणून आणखी. शेवटी ते फ्रेमवर्कच झालं होतं, फक्त त्याची माहिती माझ्या डोक्याबाहेर कुठेच नव्हती. नंतर आलेल्या मुलाला रिॲक्ट ही प्रसिद्ध लायब्ररी येत होती, माझं ते नाही. त्याने तो भाग काढून एचटीएमएक्स या छोट्या लायब्ररीवर बसवला, जुन्या पानांना धक्का न लावता. तुमच्या कामात ऑफलाइन वापर किंवा एकाच वेळी अनेकांनी एकच गोष्ट लिहिणं येणार असेल, तर मात्र सुरुवातीपासून तयार लायब्ररी घ्या, हट्ट नको.

तुम्हाला आत्ता करायचं असेल तर: साधे फॉर्म, एसक्यूलाइट, फ्रेमवर्क नाही. नाव लॉगिनमधून घ्या, टाइप करायला लावू नका. शेऱ्याचं फील्ड पहिल्या दिवसापासून असू द्या. वरच्या बिघडलेल्या स्क्रीन कागदावर काढा आणि मग बटणं मोजा. चारची सात होतील, होऊ द्यात. ओढून हलवायची सोय मात्र कोणी मागेपर्यंत करू नका. माझ्याकडे नोंदी तपासल्या तेव्हा ती वापरणारा प्रामुख्याने मीच निघालो. बाकीचे सरळ वेळ टाइप करत होते.